पांढऱ्या दारावर उरलेला मी

मी डांबराचा डाग बोलतोय. कपाळाला आठ्या घालू नका. मला पाहिलं की माणूस आधी विचारतो, हा कुठून लागला? उत्तर काही मिळो, त्याच्या मनात पाल चुकचुकलेली असते. माझा स्वभावही त्यामुळे संशयीच झाला.

पिंपात होतो तोवर मी घट्ट आणि गप्प होतो. मग मला उकळवलं, खडीत कालवलं आणि रस्त्यावर पसरलं. मी थंड होईपर्यंत कोणी येऊ नये म्हणून मजुरांनी रिकामी पिंपं आडवी लावली होती. तरी एक पांढरी गाडी त्यांच्यामधून सरळ आत शिरली. मजूर ओरडत राहिले. मला वाटलं, चोरच असणार, नाहीतर एवढाली पिंपं कोणाला दिसत नाहीत? चाकानं मला उडवलं आणि मी तिच्या दाराला चिकटलो.

गाडी एक आजोबा चालवत होते. घरी येताच त्यांनी स्वयंपाकघरातून तेलाची बाटली गुपचूप आणली. फडकं भिजवून दारावर धरलं, डांबर मऊ झाल्यावर हलक्या हातानं पुसलं. माझी भावंडं एकेक करून निघाली. पण आजोबा शोधत होते ते बोटांनी. तेव्हाच मला शंका आली. चाकाजवळचा पत्रा त्यांनी इंच न् इंच चाचपला. मी उडालो होतो पार हँडलखाली, तिथे त्यांचा हात आलाच नाही. माझ्यासमोर उभे राहून ते समाधानानं हसले.

तेल कमी झालेलं सुनेनं हेरलं आणि नवऱ्याच्या कानावर घातलं. तो तसाही पाळतीवर होताच. बापलेकांचं ठरलेलं होतं: दिसेनासं झालं की किल्ली मी आपणहून देईन, तू मागायची नाहीस. संध्याकाळी तो खाली आला.

"बाबा, गाडी काढली होती?"

"छे. धूळ बसली होती, पुसली. बघ, कुठे ठिपका दिसतोय का."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. आता हा बापाला फैलावर घेणार, अशी माझी खात्री होती. त्यानं वडिलांचं बोट धरलं आणि अलगद माझ्यावर टेकवलं.

बोट थबकलं. "केवढा आहे?" आजोबांनी विचारलं.

"तळहाताएवढा, बाबा."

आजोबांनी खिशातून किल्ली काढून मुलाच्या हातात ठेवली. मला फार वाईट वाटलं. त्यांची चुगली मीच केली होती.

आता ते मला पुसताहेत. चिकटून राहणं हाच माझा धर्म, पण आज लवकर सुटावंसं वाटतंय. एवढंच मागणं आहे, घासू नका, रंग जाईल. तेल मुरू द्या, आणि फडकं आजोबांच्याच हातात राहू द्या. मुलगा शेजारी उभा राहून त्यांना वाट सांगतोय, "थोडं डावीकडे, बाबा. आता सरळ."