मांडी घालून

"दाब की गं! हातात हाडं हायत का कापूस?"

धम्मशीलाने मल्लम्माचा उजवा गुडघा आणखी थोडा वाकवला, तशी मल्लम्माने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शिव्या देण्यात म्हातारीचा हात धरणारं पूर्णा गावात कुणी नव्हतं. पोटातल्या कॅन्सरने तिच्या अंगावरचं मांस खाल्लं होतं, जिभेला मात्र तो अजून शिवला नव्हता.

"लय दुखायलं तर सोडू का?"

"सोडून तर बघ!"

पुढच्या दाबाला तिने जी किंकाळी फोडली, ती थेट घरापुढच्या किराणा दुकानापर्यंत गेली. तिचा एकुलता एक मुलगा शिवकांत गिऱ्हाइकाची साखर तराजूत तशीच टाकून आत धावला.

"ताई, काय लावलंय हे? डॉक्टरनं सांगितलं, आता काई करू नका, आरामात राहू द्या. अन् तुमी रोज तिचे पाय मुरगाळायलात! ती काय आता शर्यतीत पळणार हाय?"

धम्मशीला खाली मान घालून तेलाची वाटी पुसत बसली. मल्लम्माने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आजपासून मालिश बंद. आयकायचं नसंल तर उद्या येऊ नका," म्हणून तो परत गेला.

आजारी माणसाचं करायला म्हणून धम्मशीला या घरात आली, तेव्हा सून महेश्वरीने आधीच बजावलं होतं की सासूबाईंपुढे कुणी टिकत नाही. धम्मशीला टिकली, कारण तीही काही कमी तोंडाळ नव्हती. दुपारी दोघी टीव्हीवरच्या मालिका बघत आणि त्यातल्या सासवांना मिळून नावं ठेवत. महेश्वरीला चोरून मल्लम्मा गूळ-शेंगदाणे मागवायची. स्वतः एखादाच दाणा चघळायची, बाकीचे धम्मशीलाला खाऊ घालायची.

अशाच एका दुपारी मल्लम्माने पोटातलं सांगितलं. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि तसंच समाधीत उतरवतात. येलदरीकडच्या गावात तिची थोरली जाऊ अंथरुणाला खिळलेली असतानाच वारली होती. पाय सरळच्या सरळ ताठलेले. मांडी काही केल्या बसेना.

"शेवटी तिच्या लेकानंच दाबली. आवाज आला गं धम्मे, वाळकी फांदी मोडावी तसा. अजून आईचं नाव काढलं की पोरगा उठून भाईर जातो. माझ्या शिवकांतावर ती पाळी नको."

"मग त्यांलाच सांगा की."

"आतापासूनच त्याच्या डोक्यात घालू? तुला शपथ हाय माझी."

धम्मशीलाने डोळे पुसले. "आमच्यात बरं हाय बाई, सरळ झोपवून नेतात. तुमाला मेल्यावरबी आराम न्हाई."

मल्लम्मा इतकी हसली की तिला ठसका लागला.

ती शपथ आज धम्मशीलाच्या गळ्याशी आली होती. गप्प राहिलं तर पाय ताठणार, आणि बोललं तर म्हातारी आयुष्यात तोंड बघणार नाही. तिने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मग सरळ दुकानात जाऊन तिने शिवकांतला सगळं सांगून टाकलं, जाऊबाईंसकट.

शिवकांतने हातातलं माप खाली ठेवलं. मग त्याने अर्धं शटर ओढलं, आत जाऊन आईच्या पायथ्याशी बसला आणि हातावर तेल घेतलं.

"डावा मी धरतो," तो म्हणाला.

मल्लम्माने धम्मशीलाकडे असं बघितलं की पायात बळ असतं तर लाथच बसली असती. "चहाडखोर मेली!" एवढं म्हणून ती लेकापुढे ढसाढसा रडली. एवढा मोठा घोर तिने इतके दिवस एकटीने पोटात ठेवला होता.

त्यानंतर सकाळची मालिश दोघांची झाली आणि शिव्याही दोघांत वाटून मिळू लागल्या. एके दिवशी मल्लम्मा उशीला टेकून खरोखर मांडी घालून बसली. तळहातावर लिंग घेऊन तिने सावकाश पूजा केली.

"आता मेले तरी चालंल," ती म्हणाली.

"घाई काय हाय? बसलाव तर बसा जरा," धम्मशीला म्हणाली.

एका सोमवारी सकाळी अर्धा चहा कपात ठेवून मल्लम्मा गेली.

घर पाहुण्यांनी भरलं. विधी करणारे स्वामी आले आणि अंग ताठण्याआधी बसवून घ्या म्हणाले. धम्मशीला दाराशी सरकली होती.

"ताई, तिथं काय उभ्या? उजवा पाय तुमचा हाय," शिवकांतने हाक मारली. पाहुण्यांतलं कुणीतरी खाकरलं. त्याने तिकडे बघितलंही नाही.

दोघांनी गुडघ्याखाली हात घातले. पाय उचलला, वळला आणि जेवायला बसावं तसा सहज दुमडला. आवाज झाला नाही.

"बसली," शिवकांत म्हणाला. "ताई, आई बसली."

धम्मशीलाला रडू फुटलं. म्हातारी गेल्याचं दुःख होतंच, पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

दुपारी पालखी निघाली. कपाळभर भस्म लावलेली मल्लम्मा लोकांच्या डोक्यांवरून, ताठ बसून बाजारातून चालली. दुकानदार उठून उभे राहत होते. कोपऱ्यावर बायका थांबल्या, तशी धम्मशीलाही थांबली आणि पालखी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मल्लम्मा एकदाही कलंडली नाही.