किल्लेदाराची लाल टोपी

थोरल्या लेकीला दिवस गेले, त्या वर्षी थंडोबाने जावयाला आपल्याच कंपनीत चिकटवलं. औषधांच्या कंपनीचं थंड गोदाम थंडोबाच्या ताब्यात होतं आणि स्वभावही गोदामासारखाच. कानाखाली वाजवली तरी "असू द्या" म्हणणारा. म्हणून ते नाव. मालकीणबाईंना संगणकांची राखण करायला माणूस हवा होता. "आमचे जावई हुशार आहेत," थंडोबाने शब्द टाकला. तीस वर्षांत त्याने काही मागितलं नव्हतं, म्हणून बाईंनी तो झेलला.

जावई आला तो छाती काढूनच. पहिल्याच बैठकीत म्हणाला, "या कंपनीचा मी किल्ला करतो. चिलटसुद्धा आत येणार नाही." झालं, त्याचं नाव किल्लेदार पडलं. चिलटाचं माहीत नाही, पण पगारी माणसांना आत शिरणं मुश्कील झालं. गोदामाची साधी किल्ली गेली आणि संगणकाने उघडणारं कुलूप आलं. गारव्याचं यंत्रही संगणकाला जोडलं; ते हाताने चालू करायचा खटका दाराबाहेर होता, तोही कुणी चोराने दाबू नये म्हणून आत नेऊन बसवला.

त्याचा खरा जीव मात्र परीक्षा घेण्यात. आपणच खोटी मेल पाठवायची, 'तुमचं पार्सल आलंय, इथे दाबा', आणि जो दाबील त्याने दिवसभर लाल टोपी घालून बसायचं. परीक्षा चालू असताना कुणी कशाला हात लावला तरी टोपीच. चोर धरायला ठेवलेला माणूस घरच्यांचेच खिसे चाचपत बसला. पॅकिंगच्या आक्काला दोनदा टोपी मिळाली. दुसऱ्यांदा तर ती आपणहून सांगायला गेली होती, की साहेब, चुकून दाबलं बघा.

"सांगितलं म्हणून टोपी?" आक्का म्हणाली. "बरं झालं कळलं. आता घर पेटलं तरी तुम्हाला सांगायची नाही मी."

लोक हसले. किल्लेदारही हसला, कारण त्याला तो विनोद वाटला.

एका रविवारी लेक-जावई जेवायला आले. किल्लेदाराने ताटं सरकवून लॅपटॉप मांडला. "मामा, हे बघा. वर्षातला सर्वोत्तम सुरक्षा अधिकारी म्हणून माझी निवड झालीय! ओळख पटवायला कंपनीचा पासवर्ड तेवढा मागतायत."

थंडोबाचा हात घासासकट थांबला. हे तर पार्सलच की!

"जावईबापू, एकदा फोन करून विचारलं असतं त्यांना..."

"मामा, तुम्ही आपलं गोदाम बघा."

बायकोने टेबलाखालून थंडोबाच्या पायावर पाय दिला. समोर लेक पोटावर हात ठेवून नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "असू द्या," म्हणत थंडोबाने भाजी वाढून घेतली आणि तिकडे किल्लेदाराने पासवर्ड टाकला.

त्याच आठवड्यात एका सकाळी कंपनीतले सगळे पडदे काळे झाले. वर पांढऱ्या अक्षरांत मजकूर: तुमचं सगळं आमच्या ताब्यात आहे, खंडणी द्या आणि सोडवून न्या.

कचेरीत खसखस पिकली. "आली साहेबांची परीक्षा! हात लावू नका रे, टोपी बसेल." सगळे संगणकापासून खुर्च्या मागे ओढून चहा पीत बसले.

थंडोबा गोदामाकडे धावला. कुलूप उघडेना, यंत्राची घरघर बंद. दाराच्या काचेतून आतला तापमापक दिसत होता आणि त्याचा काटा हळूहळू वर चढत होता. आत लशींचा साठा होता, गावोगावच्या दवाखान्यांसाठीचा. एकदा तापला की फेकायचा, दुसरा उपाय नाही. खटका आत आणि थंडोबा बाहेर. त्याने जावयाला फोन लावला.

"मामा, मी शिंप्याकडे आहे. बक्षीस घ्यायला कोट नको का? हाताखालच्या पोराने परीक्षा लावली असेल. कशाला हात लावू नका."

"जावईबापू, ती त्या दिवशीची मेल..."

"माझ्यावर संशय घेताय?"

थंडोबाच्या डोळ्यांपुढे लेकीचं पोट आलं. दार फोडायचं तर ही परीक्षा नव्हे हे कसं कळलं ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर जावयाची अब्रू चव्हाट्यावर. तो फोन ठेवून काचेला नाक लावून उभा राहिला. काटा चढत राहिला.

दुपारी आक्का तिथून गेली. तिने आधी काटा पाहिला, मग थंडोबाचा चेहरा. "बघत काय बसलात? परीक्षा असो नाहीतर त्याचं श्राद्ध असो," म्हणत तिने पहार आणली आणि दार फोडलं. खटका दाबला, यंत्र घरघरलं. पण साठा कधीच गेला होता. बैल गेला आणि झोपा केला.

बैठकीत मालकीणबाईंनी विचारलं, "आधी कुणाच्या लक्षात आलं?"

किल्लेदार नव्या कोटात उभा राहिला. "सकाळी पहिल्यांदा मामांनी पाहिलं, बाई. तेव्हाच दार फोडायला हवं होतं. मी नियम करू शकतो, अक्कल कुठून देऊ?"

आक्का खुर्चीतून अर्धी उठली. "बोला की हो, थंडोबा! तोंडात बोळा कोंबलाय का?"

मेल, पासवर्ड, शिंपी, सगळं थंडोबाच्या जिभेवर आलं होतं. "असू द्या," तो म्हणाला. बाईंनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं.

किल्लेदाराचं काही बिघडलं नाही. एवढा मोठा हल्ला जवळून पाहिलेला अनुभवी माणूस म्हणून दुसऱ्या कंपनीने त्याला दुप्पट पगारावर नेलं. तो आता व्याख्यानं देतो. विषय: संकटात शांत कसं राहावं.

पुढे काही वर्षांनी सासऱ्याच्या अंत्ययात्रेची खबर त्याने जुन्या कचेरीत मेलने कळवली. वेळ आणि जागा बघायला 'इथे दाबा' असं खाली लिहिलं. त्याच्याच तालमीत तयार झालेली माणसं ती, कुणी दाबलं नाही. शेजारणीकडून ऐकून आक्का तेवढी आली.

थंडोबा वारला तो नातू शाळेत जायला लागला त्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी.