पुसलं तरी जागा हुईना

मुरूमच्या गुरुलिंग फोटोवाल्यानं सकाळी सर्व्हरला अशा कचकचीत शिव्या हासडल्या, की शेजारच्या चहावाल्याला वाटलं आपल्यालाच देतोय.

स्टुडिओत फोटोवाले तिघं, अन् फाइली ठेवायचा सर्व्हर सामाईक. एकट्यानंच सगळी जागा लाटू नये म्हणून उमरग्याच्या आयुबनं तो बसवतानाच प्रत्येकाचा कोटा बांधून दिलेला. गुरुलिंगाचा कोटा गच्च भरला. मग त्यानं आपण शूट केलेलं सगळ्यात जुनं लगीन काढलं, सिद्रामप्पाच्या थोरल्या पोरीचं, आणि दिलं पुसून. पेनड्राइव्ह तर त्यांना कवाच दिलाय, आता कोण मागतंय? पण लगीन गेलं तरी जागा तसूभर वाढली न्हाय. शिव्या त्याच्यासाठी.

दुपारी सिद्रामप्पाची बायको कमलबाई दारात हजर. सिद्रामप्पा जाऊन दीड वरीस झालेलं.

"गुरुलिंगा, आज धाकटीची, गायत्रीची हळद. थोरलीच्या हळदीत मालकांनी गाणं म्हणलं होतं, तेवढं दे बाबा. आमचा पेनड्राइव्ह धुण्यात गेला. पोरगी हटून बसलीय, आप्पांचा आवाज ऐकल्याबिगर हळद लावून घेत न्हाय म्हणती."

गुरुलिंगाच्या तोंडचं पाणी पळालं. "बसा काकू, चहा सांगतो," म्हणत तो आत सटकला आणि आयुबला फोन लावला.

"आयुबभाई, मेलो! सकाळी एक लगीन पुसलं, तेच पाहिजे आता."

"पुसल्यावर जागा झाली?"

"कुठली जागा! तुझा डबा लई..."

आयुब खदाखदा हसला. "अरे येड्या, जागा झाली न्हाय म्हंजी माल आतच हाय! हा सर्व्हर जुन्यावर गिरवत न्हाय, नवं निराळ्या जागी लिहितो. रोज पहाटं स्नॅपशॉट घेतो, त्या घडीला जे हाय ते धरून ठेवतो. तू पुसलंस तुझ्या फोल्डरातनं. स्नॅपशॉटनं कुठं सोडलंय? म्हणून तर कोटा सुटंना."

"मग परत घेतो की फोल्डरात."

"कोटा भरलाय ना! पहाटंच्या स्नॅपशॉटातनं थेट पेनड्राइव्हवर उतरव. पर आधी सर्व्हरला माफी माग. मोठ्यांदा. मला हितं ऐकू आलं पाहिजे."

"माफ कर रे बाबा!" गुरुलिंग खरंच ओरडला.

"कुणाला म्हणतोस रे?" भायरनं कमलबाई.

"देवाला, काकू!"

फाइल सापडली. पडद्यावर सिद्रामप्पा, गालाला हळद, आवाज बेसूर. कडवं विसरला, तसा बिनधास्त कन्नडात घुसला. कमलबाई हसता हसता डोळ्याला पदर लावायला लागली.

गुरुलिंगाला राहवलं न्हाय. "काकू, खरं सांगू? सकाळी म्या हे पुसलं होतं. पर गेलंच न्हाय."

"जातील कसे! जित्तेपणी तरी त्यांना जागचं कुणी हलवलं व्हतं का?" तिनं पेनड्राइव्ह पदराच्या गाठीला बांधला. "आणि त्या फोनवरच्या आयुबलाबी हळदीला बोलाव. दोघंबी जेवल्याबिगर जायाचं न्हाय."