वहिनीचा घोडा

शर्यतीआधी घोडे टीव्हीवर गोल फिरवून दाखवतात. तेवढ्यापुरती नवऱ्याला माझी आठवण येते. "अगं, इकडे ये! कोण जिंकेल?" मी हात पुसत येते, एक नंबर सांगते आणि परत ओट्याशी जाते. मला वाटायचं, या घरात माझ्या शब्दाला निदान एवढी तरी किंमत आहे.

रविवारी धाकटा दीर आला आणि माझा भ्रम फुटला.

"लोक वंशावळ बघतात, जॉकीचं वजन बघतात," नवरा त्याला ऐटीत सांगत होता. "आपली पद्धत नवी आहे. तुझी वहिनी सांगेल तो घोडा आधी कटाप. पनवती आहे नुसती!"

दीर खो खो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हरणारा घोडा तुला बरोबर सापडतो कसा गं?" नवऱ्याने वर मलाच विचारलं.

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हणाले. "पळायच्या आधीच ज्याच्या तोंडाला फेस येतो, जो सांभाळणाऱ्यालाच लाथा झाडतो, त्याचा सगळा जोर तिथेच संपतो. घरात रोज बघते ना!"

"तोंड सांभाळ!" नवरा थुंकी उडवत ताडकन उठला आणि त्याने समोरचं स्टूल लाथेने उडवलं.

टीव्हीवर पाच नंबरचा घोडा मागच्या पायांवर उभा राहून फुरफुरत होता. दिराने एकदा घोड्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग त्याने पेन उचललं आणि घोड्यांच्या यादीतल्या पाचावर काट मारली.