देखण्या पोराची चाल

माझ्या नातीले, टीनाले, पाहायले एकोडीचे पाहुणे आले. पोरगा, निकेश, तिले फोटोतच आवडला होता. म्हणून माझ्या लेकानं मले आधीच बजावलं, "माय, आज तोंड सांभाळ."

मी सांभाळलं. पोहे येईपर्यंत सांभाळलं. मग निकेशची आई देवकाबाई म्हणाली, "पोरगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस. जरा चालून दाखव बरं, बेटा."

टीना अंगणात चालून आली. तिचं तोंड उतरलं होतं.

"आता पोरगाही चालू द्या," मी म्हटलं. "पोट जरा पुढं दिसते."

"खात्यापित्या घरचा आहे तो," देवकाबाई म्हणाली.

"अन् रंग?"

"रांगडा गडी आहे. पोराचं रूप कोण पाहते, बाई?"

"जिले जनमभर तेच तोंड पाहा लागते, ते पाहते."

लेकानं माझ्यावर डोळे वटारले. सोयरीक मोडली असं मलेही वाटलं. तेवढ्यात निकेश उठला, धानाच्या कोठीपासून तुळशीपर्यंत चालत गेला अन् परत आला. वळताना त्यानं पोट आत ओढून घेतलं.

टीना तोंडाशी पदर धरून हसली.

"कसा आहे मग?" मी तिले विचारलं.

"सुंदर आहे."

"पोराले कोणी सुंदर म्हणते का?" देवकाबाई म्हणाली.

"म्हणू दे ना, आई," निकेश लाजून म्हणाला, अन् त्याच्यापुढं आलेली पोह्याची दुसरी प्लेट त्यानं हळूच माझ्याकडे सरकवली.