शिजलेली चिपाडं

शहाऐंशीच्या दुष्काळात साखर कारखान्याच्या मागं फरफ्युरलचा प्लँट उभा राहिला. उसाची चिपाडं तेजाबात भिजवायची, वाफेवर शिजवायची अन् निघालेलं तेल पिंपात भरून मुंबईला धाडायचं. रंगाला लागतं म्हणं, औषधाला लागतं म्हणं. मागं उरायचा तो काळपट चोथा कुंपणाबाहेर पडायचा आणि वैरणीवाचून कासावीस झालेली माणसं त्याच्याकडं बघत राहायची.

मथुराबाईंनी त्यातली एक पाटी घरी आणली. दावणीला ढवळी गाय होती, नुसता हाडांचा सापळा. तरी दिवसाला पावशेर दूध द्यायची. सून इंदुमतीच्या अंगावरचं दूध आटल्यापासून तिची आठ महिन्यांची पोर त्या पावशेरावरच होती.

"इंदू, तू बीयस्सी झालेली. चालंल का गं हे जनावराला?"

इंदूनं चोथा चुरगळून जिभेला लावला. आंबट. तिचं मन कचरलं. पण गायीची कास रोज हाताला हलकी लागत होती.

"तेजाब निघालं तर चालेल, आत्या. सात वेळा धुवा मात्र."

"एवढंच व्हय? तुझा नवरा तिथंच कामाला, पर त्या येड्याला न्हाय सुचलं!"

इंदू तीन दिवस गायीवर डोळा ठेवून होती. चौथ्या दिवशी ढवळी बसली ती उठलीच नाही. तोंडाला फेस आला आणि उन्हं कलायच्या आत मान टाकली.

"सात डाव धुतलं गं बाय, बोटावर मोजून," मथुराबाई रडत म्हणाल्या. "ट्यांकरचं दोन घागरी पाणी. त्याच घमेल्यात सातदा खळबळून काढलं. थेंब सांडू दिला न्हाय. मागं उरलेलं ढवळीलाच पाजलं रोज. तहानलेली होती बिचारी."

सात म्हणताना इंदूच्या डोळ्यांपुढं कॉलेजच्या प्रयोगशाळेतला वाहता नळ होता. दर वेळी नवं पाणी घ्यायचं, हे सांगायचं तिला सुचलंच नव्हतं.

"सात डाव कमी पडलं का गं?"

सासूचे सुरकुतलेले, तेजाबानं सोललेले हात इंदूनं पाहिले.

"व्हय, आत्या. मीच कमी सांगितलं. दहा लागत होते."

मथुराबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे. तुला तरी काय ठावं."

आत पोर रडायला लागली. इंदूनं ज्वारीची पेज पातळ करून चमचा तिच्या ओठाला लावला. पोरीनं ती थुंकली. इंदूनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि पुन्हा चमचा भरला.