दश्श्या नसलेला कॅट

मला पिसायला घेण्याआधी एक ऐकून घ्या, मित्रांनो. मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे आणि माझ्यात चार पानं कमी आहेत. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, चारही दश्श्या गेल्या. त्यामुळे मला आता कोणी खेळायला घेत नाही, आणि टाकूनही देत नाही. टीव्हीखालच्या खणात जुन्या रिमोटांच्या शेजारी पडून मी शनिवारची वाट बघतो. शनिवार येतो, पण माझ्यासाठी येत नाही.

जन्माचं म्हणाल, तर आम्ही सगळे आधी एकाच मोठ्या कागदावर छापलेले होतो. मग यंत्रानं आम्हांला कापलं, कोपरे गोल केले, खोक्यात भरलं, आणि मी अबुधाबीतल्या एका हायपरमार्केटात बॅटऱ्यांच्या शेजारी टांगला गेलो. तिथं सदानंदनं मला उचललं आणि मोठ्यानं हिशोब केला, "आठ दिरहम! म्हणजे सव्वाशे रुपये. पत्त्यांना?" तो मला परत टांगणारच होता. पण त्याच्या सहा वर्षांच्या इरानं मला दोन्ही हातांनी असं धरलं की सोडवायची कोणाची छाती झाली नाही.

सदानंद मुसाफातल्या एका कंपनीत एस्टिमेटर आहे. कोणतं काम किती खर्चात होईल, हे आधीच सांगायचं त्याचं काम. घर मोहम्मद बिन झायद सिटीत. घरात तो, त्याची बायको मृणालिनी आणि इरा. दर शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये चटई पडायची आणि मी खोक्यातून बाहेर यायचो. खेळ ठरलेला, बदाम सात. ज्याच्याकडे बदामची सत्ती त्यानं ती टाकायची, मग प्रत्येक रंगाची पानं सत्तीपासून खाली एक्क्यापर्यंत आणि वर राजापर्यंत क्रमानं लावत जायची. ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला. पैसे लावायचा प्रश्नच नव्हता. डावावर लागायच्या खजुराच्या बिया, धुऊन वाळवलेल्या.

सदानंद लबाड खेळायचा. हातात बदामची अठ्ठी असली की मुद्दाम दाबून ठेवायचा आणि छताकडे बघत गुणगुणायचा. इरा चिडून ओरडायची, "बाबा, दॅट इज सो मीन!" मृणालिनी म्हणायची, "अहो, टाका ना, पोरगी रडेल आता." पोरगी रडत नव्हती, ती पुढच्या डावात त्याचीच नव्वी अडवायची. बापाचंच पाणी ते! माझी पानं चिकटायला लागली की मृणालिनी टाल्कम पावडर लावून मला एकेक करून पुसायची. इतकं कौतुक मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही.

यंदा इरा बारावी झाली. कॅनडातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, ऑगस्टमध्ये जायचं ठरलं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की आता थोडेच शनिवार उरले आहेत. मलाही ठाऊक होतं. मी तर मनातून जय्यत तयार होतो.

नेमका तेव्हाच सुजीत घरी आला. सुजीत म्हणजे सदानंदच्या ऑफिसातला तरुण सहकारी, बोलायला गोड. म्हणाला, "सर, ईदच्या सुट्टीत तिबिलिसीला जाऊया. तिथं पैसे लावून पत्ते खेळायच्या कार्डरूम आहेत, एकदम लीगल. पण साधा ब्लॅकजॅक आता कोण खेळतं? नवेनवे प्रकार आलेत, खेळणाऱ्याला जास्त फायदा देतात म्हणे."

ब्लॅकजॅक म्हणजे आपल्या पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण एकवीस ओलांडायचे नाहीत. समोर टेबलाचा माणूस पानं वाटतो आणि आपला सामना त्याच्याशी. एवढं सदानंदला येत होतं. पण साधा एसी घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालणारा हा गृहस्थ. हे प्रकार खेळण्यासारखे आहेत की नाहीत, ते आधी घरीच तपासून बघायचं असं त्यानं ठरवलं. कशावर तपासणार? माझ्यावर.

पहिल्या प्रकारात टेबलवाला आपली दोन्ही पानं उघडी ठेवतो. सदानंद खूश! चोराच्या हातातलं दिसतंय, अजून काय हवं? पण त्याच खेळाचा दुसरा नियम असा की बरोबरी झाली तर डाव टेबलाचा. दुसऱ्या प्रकारात सतरा बक्षिसं. तीन सत्त्या आल्या तर जास्त, पाच पानांत एकवीस झाले तर जास्त, आपले एकवीस झाले की टेबलवाल्याचे काहीही असोत, जीत आपली. फक्त त्यासाठी कॅटमधल्या चारही दश्श्या आधीच काढून टाकतात. मोठी पानं खेळणाऱ्याच्या बाजूची असतात, मित्रांनो. ती काढून घ्यायची आणि वर बक्षिसाची खिरापत वाटायची, याला आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात.

मृणालिनी म्हणाली, "त्यासाठी दुसरा कॅट आणा ना." सदानंदनं हिशोब केला, "दहा दिरहम, म्हणजे जवळजवळ अडीचशे रुपये. घरात एक असताना?" तिबिलिसीचं तिकीट काढताना या माणसानं रुपये करून पाहिले नव्हते. त्यानं माझ्या दश्श्या उपसल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या. त्या क्षणी मला जे वाटलं ते कसं सांगू? एका कागदावर जन्मलेली भावंडं होती ती.

मग एकामागून एक शनिवार गेले. सदानंद डायनिंग टेबलाशी एकटाच बसे, स्वतःलाच पानं वाटी, स्वतःशीच पुटपुटे. इरा दारात येऊन उभी राही. "बाबा, वन गेम? बदाम सात?" तो मान वर न करता म्हणे, "पुढच्या शनिवारी, बाळा. नक्की." ती थोडा वेळ तिथंच थांबून आत जाई. माझी पानं त्याच्या हातात असत, पण माझं सगळं लक्ष त्या दारात असे.

शेवटी एका शनिवारी ती खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. म्हणाली, "ओके, आय विल डील." टेबलवाला ती झाली. तिला ब्लॅकजॅकशी काही देणंघेणं नव्हतं. बापासमोर बसायचा तेवढाच एक रस्ता मोकळा होता, म्हणून ती बसली होती. पानं सुरेख वाटायची ती. बराच वेळ खेळ झाला आणि बियांचा ढीग हळूहळू तिच्याकडे सरकला. सदानंदला तीन सत्त्यांचं बक्षीस एकदा मिळालं तेव्हा तो टाळी वाजवून ओरडला. नंतर तो ढीग बघत बसला.

"बाबा," इरा म्हणाली, "यू ओन्ली सी व्हॉट दे गिव्ह यू. तुम्ही काय गेलंय ते बघतच नाही."

"करेक्ट! अगदी करेक्ट," सदानंद म्हणाला. "आता पुन्हा पानं वाट, अजून एकदा हाच प्रकार करून बघू."

इरानं पानं वाटली नाहीत. "नो. नाऊ बदाम सात. प्लीज."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, त्यानं मान वर केली. चटई आली, मृणालिनीही हात पुसत आली. सदानंद दश्श्या आणायला उठला आणि तेव्हा त्याला आठवलं की तो शर्ट लाँड्रीत गेला होता आणि इस्त्री होऊन परतही आला होता. खिशात कडक झालेला कागदाचा गोळा निघाला. इस्पिक कोणती आणि बदाम कोणती, काही कळत नव्हतं.

तरीही खेळून बघितलं. चारही रंग नव्वीपर्यंत आले आणि डाव ठप्प. गुलाम, राण्या, राजे सगळ्यांच्या हातात तसेच अडकून बसले. कोणाला जिंकता येईना, कोणाला हरता येईना. इरा हसली, पानं खाली ठेवली आणि आपल्या खोलीत गेली.

"उद्या नवा कॅट आणतो! यल्ला, त्यात काय!" सदानंद तिच्या पाठीमागून म्हणाला.

उद्या आणला नाही. ईद आली, तो तिबिलिसीला जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं मृणालिनीला फार सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "खेळ सगळा येत होता गं. पण पानं वाटणारा समोरचा माणूस अर्ध्या अर्ध्या तासानं बदलायचा." मग ऑफिसातली कामं तुंबली, इराचा व्हिसा, इराची खरेदी. दिवस कसे गेले ते त्याला कळलं नाही. मला कळत होतं, कारण मला दुसरं काम नव्हतं.

ऑगस्टमधल्या त्या शेवटच्या शनिवारी, भर दुपारी, बाहेर रस्ता तापलेला असताना तो निघाला आणि नवा कॅट घेऊन आला. या वेळी रुपये केले नाहीत. त्यानं स्वतः चटई अंथरली, बिया वाटीत काढल्या आणि बसून राहिला. मित्रांनो, माझी जागा दुसऱ्यानं घेतली म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, त्याचं वेष्टण एकदाचं फुटावं म्हणून माझाच जीव तुटत होता.

इरा शाळेतल्या मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली होती. दिवेलागणीला आली, थकलेली, डोळे सुजलेले. चटई पाहून दारातच थांबली.

"बाबा, आय स्टिल हॅव टू पॅक," ती हळूच म्हणाली. "उद्या?"

उद्या तिचं विमान होतं. दोघांनाही ते माहीत होतं.

"इन्शाल्ला," सदानंद म्हणाला. त्यानं चटई गुंडाळली आणि तिच्या बॅगेचं वजन करायला वजनकाटा आणला.

नवा कॅट वेष्टणासकट माझ्या शेजारी खणात आहे. काही दिवसांमागे सुजीत चहाला आला होता. कप हातात घेऊन त्यानं विचारलं, "सर, पुढच्या ईदला परत जाऊया? तुम्ही तर स्टडी केलाय. ते नवे प्रकार खेळण्यासारखे आहेत ना?"

सदानंदनं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नियम वाचून, डोकं ठेवून खेळलास तर एखादा बरा आहे रे. पण सुजीत, त्या टेबलावर मी बसलो काय आणि उठलो काय, कोणाला फरक पडत नव्हता. इथं एक जण दारात उभं राहून माझी वाट बघत होतं."

स्वयंपाकघरात मृणालिनीनं गॅस बंद केला. सुजीतनं चहा संपवला आणि दुसरा विषय काढला.

माझ्यासारखे जिन्नस शेवटी सांगतात, आम्हांला जपा, धूळ लागू देऊ नका. मी तसं सांगणार नाही. माझे कोपरे दुमडा, माझ्यावर चहा सांडा, मला चालेल. फक्त तुमच्या घरात कोणी दारात उभं राहून "एक डाव?" म्हणालं, तर हातातलं ठेवा आणि त्याच शनिवारी बसा.